मागे राहणाऱ्यांचा टीव्ही

आषाढातल्या एका मंगळवारी हे सकाळी तोंडवलीला कामावर गेले. अकरा वाजता त्यांच्या फोनवरून तिथल्या गिऱ्हाइकाचा, नितीनचा, आवाज आला. बारा वाजता मी कट्टा गावातल्या आमच्या दुकानाचं शटर ओढलं. ते उघडलं तेव्हा सतरा दिवस झाले होते.

या अंकासाठी दुकानाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होते. व्यवसाय त्यांचा. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, चार वर्षं तासांवर शिकवलेली, आणि पुढची सगळी वर्षं काउंटरमागे पुस्तक उघडून बसलेली बाई. पण सुरुवातीला मदतनीस परवडत नव्हता, तेव्हा गावोगाव डिश बसवायला मीही जात असे. हे छपरावर, मी खाली टीव्हीसमोर. ते वरून डिश केसभर फिरवायचे आणि ओरडायचे, "इला?" मी खालून म्हणायची, "नाय... नाय... हां, इला." चित्र आलं की काम संपलं. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं या दोन शब्दांत झालं असेल.

पुढे डिशा कमी झाल्या आणि डबे आले. ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डिश आभाळातून चित्र घेते, हा डबा इंटरनेटवरून घेतो. कधी तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो, कधी अंगठ्याएवढी काडी असते आणि ती टीव्हीच्या पाठीत खोचायची असते. गिऱ्हाइकं विचारतात, चांगला कुठला? आतल्या सामानात म्हणाल तर फार फरक नसतो. फरक घराघरांत असतो.

म्हणून हे डबा दाखवण्याआधी घराबद्दल विचारत. टीव्हीला डबा जोडायचं भोक आहे का? भिंत कशाची? आमच्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंत दीड हात जाड. एका खोलीतलं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत दमतं. मग काडी टीव्हीच्या पाठीत न खोचता एका हातभर वायरीने बाहेर काढायची, म्हणजे तिला थोडा वारा लागतो, असं ते म्हणत. काडीला वीज टीव्हीतूनच दिली तर ती अर्ध्या मालिकेत बंद पडून पुन्हा सुरू होते, तर तिला वेगळा प्लग द्यायचा. आणि हे सगळं झाल्यावर शेवटचा प्रश्न, "तुमी गेल्यार घरात कोण रवता?"

हा प्रश्न मुंबईहून आलेल्यांसाठी असे. डबा घेणारा बहुतेक वेळा तिकडचा असतो आणि वापरणारी आई इकडची. मुलगा आपल्याला आवडेल तो डबा घेतो. हे त्याचं म्हणणं ऐकून घेत, आणि उत्तर "आई एकटीच" असं आलं की मागच्या फळीवरचा साधा डबा काढत. त्याच्या रिमोटवरची नको ती बटणं चिकटपट्टीने झाकत. चार उघडी ठेवत. "महाग तो न्हेवा तुमच्या घराक," म्हणत. "हो आईचो."

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. वहीत एकवीस प्रश्न लिहून आले. मेमरी किती, प्रोसेसर कुठला, चित्राचे ठिपके किती. हे तीन सकाळी त्यांना उत्तरं देत राहिले आणि गुरुजी लाल शाईने बरोबरच्या खुणा करत राहिले. शेवटी यांनी विचारलं, "गुरुजी, घरात टीव्ही कोणतो आसा?" टीव्ही होता जुना, पोटवाला, पिक्चर ट्यूबचा. त्याला यांतलं काहीच जोडता येत नव्हतं.

गुरुजींनी वही मिटली. "हो प्रश्न माझ्या वहयेत नाय होतो," म्हणाले.

त्यांनी डबा कधीच घेतला नाही. मात्र अजून रोज दुकानात येऊन पेपर वाचतात.

तोंडवलीच्या नितीनचं काम निराळं. त्याचं किनाऱ्याजवळ पाहुण्यांचं निवासस्थान आहे, चार खोल्या. चारही खोल्यांत काड्या. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो आणि चित्र जातं, म्हणून दर चार महिन्यांनी हे कापूस घेऊन पिना पुसायला जात. पहिल्या वर्षी आणखी एक घोळ झाला. पाहुणे टीव्हीवर आपलं खातं उघडत आणि तसंच ठेवून जात. कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा नितीनला फोन आला, "माझ्या नावावर रोज भुतांचे सिनेमे कोण बघतंय? घरात बायको मला विचारतीय." तेव्हा यांनी नितीनला शिकवलं, "चादर बदलतंस ना, तेवाच ह्याय पुसूचा. पावण्याचा मागे काय ठेवचा नाय."

त्या मंगळवारी ते पिना पुसायलाच गेले होते. पिना पुसून झाल्या होत्या. नितीनने चहा दिला, तो त्यांनी घेतला आणि ते पायरीवर बसले. एवढं मला माहीत आहे. पुढचं मी विचारलेलं नाही.

दुकान उघडलं त्यानंतर महिन्याभरात चतुर्थी आली. आमच्या धंद्याचा सगळा हंगाम त्या आठवड्यात असतो. गाड्या भरून माणसं येतात, घरं उघडतात आणि ज्याला त्याला गणपती बसायच्या आत टीव्ही चालू व्हायला हवा असतो. मुलगी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "आई, यंदा राहू दे." मी बसले. घरात बसण्यापेक्षा काउंटरमागे बसणं सोपं होतं.

त्या गर्दीत सुहास आला. कट्ट्यापासून दोन मैलांवरच्या वाडीतला, मुंबईला बँकेत असतो. त्याची आई इंदूकाकी आमची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या छपरावरची डिश आम्हीच बसवलेली.

"वयनी, दादांचा कळला. वायट झाला," तो म्हणाला. मग फळीकडे बघत, "चांगलातलो डबो देवा. आमच्या मुंबैच्या घरात आसा तसलोच."

मी दिला. काही विचारलं नाही. गर्दी होती हे खरं, पण ते कारण नव्हे. "तुमी गेल्यार घरात कोण रवता?" हे वाक्य मला तोंडातून काढता येत नव्हतं. त्या महिन्यात त्याचं उत्तर मला माझ्याच घरात रोज सकाळी मिळत होतं. शिवाय माणसं लवकर जावीत असं मला वाटे. डबा देऊन मोकळं होणं बरं होतं.

इंदूकाकी पुन्हा दिसल्या त्या भातकापणी संपत आल्यावर. बाजाराच्या दिवशी, साडेअकराच्या एसटीने. दुकानात गुरुजी पेपर वाचत होते. काकी स्टुलावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "टीव्ही घेतंस काय गो?"

"कोणाचो, काकी?"

"माझो. घर बंद करतंय. दिवाळीक सुहास न्हेता माका."

"किती दिवस?"

"दिवस खंयचे. कायमचा. गाय काल शेजारी देवन टाकलंय. तिका मुंबैक खंय बांधतलंय मी, ग्यालरीत?"

काकी सत्तरीच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, एकट्याने शेत करणाऱ्या, कोणाकडे न राहिलेल्या. मी विचारलं, असं एकाएकी काय झालं?

"माझ्या डोक्यात फरक पडलोहा म्हणता," त्या म्हणाल्या. मिरच्या महाग झाल्या असं सांगावं तसं सांगितलं. "थंय डाक्टर बघून ठेवल्यान हा."

"कसलो फरक?"

"मी फोनार सांगलंय, तू गेलंस आणि टीव्ही गेलो. तर म्हणता, आई, असा नसता. मगे सांगलंय, टीव्ही माका इचारता, तू कोण. चार तोंडां दिसतत, तेच्यात माझा नाय. तर तो गपच रवलो. मगे सुनेन फोन घेतल्यान आणि माका वार इचारल्यान. वार सांगलंय. तारीख इचारल्यान. तारीख कोणाक लागता गो हंय? मी तिथी सांगलंय. ती तिका कळाक नाय."

गुरुजींनी पेपर खाली केला. "तिथी बरोबर होती?" त्यांनी विचारलं.

"अष्टमी होती. तुमी बघा पंचांगात."

आणखी एक गोष्ट होती. नातीने चतुर्थीत काकींना दाखवलं होतं की रिमोटवरचं बटण दाबून बोललं की टीव्ही ऐकतो. तेव्हा टीव्ही 'कोण' म्हणून विचारतो आहे तर सांगावं, म्हणून काकींनी बटण दाबून आपलं नाव सांगितलं. तीन-चार वेळा सांगितलं, सासरच्या आडनावासकट. ते शेजारणीने दारातून पाहिलं आणि म्हातारी टीव्हीशी बोलते असं सुहासला कळवलं.

माझ्यासमोर दुकानातला दाखवायचा टीव्ही चालू होता. मी उठले, तो बंद करून पुन्हा लावला. पडद्यावर प्रश्न आला, कोण पाहत आहे? खाली दोन गोल, एकात यांचं नाव, एकात माझं. रोज सकाळी हा पडदा माझ्यासमोर येत होता आणि रोज अंगठा आपोआप पहिलं नाव दाबून पुढे जात होता. मी तो प्रश्न एकदाही वाचला नव्हता.

"ह्योच," काकी म्हणाल्या. "ह्योच तो. फकत हंय दोन आसत."

"मगे तुमी काय केलास?"

"सुहासाचा तोंड दाबलंय. तर फिराक लागला. फिरता, फिरता, आणि सांगता नेट नाय."

तेव्हा मला सगळं समजलं. त्यांच्या वाडीत केबलचं इंटरनेट गेलेलं नाही. सुहासने डबा आपल्या मोबाइलच्या नेटवर लावला होता. पाच दिवस घरातल्यांनी भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, पाहिली, दशावतार पाहिले, मुलांनी कार्टून पाहिली. सहाव्या दिवशी सुहास गाडीत बसला आणि नेट त्याच्या खिशातून मुंबईला गेलं. आता लागणार नाही म्हणून डिशही त्याने उतरवली होती. ती खळ्यात उताणी पडली होती आणि काकी तिच्यात मिरच्या वाळवत होत्या. तू गेलास आणि टीव्ही गेला, यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकी जे जे बोलल्या ते जसं घडलं तसं होतं.

हे असते तर त्यांनी एक प्रश्न विचारला असता आणि काकींची गाय आज त्यांच्या गोठ्यात असती.

मी सुहासला फोन लावला. तो ऑफिसात होता, म्हणून बँकेतल्या मराठीत बोलला. "वहिनी, तुमची काळजी कळते मला. पण आईचं वय झालंय. टीव्ही तिला ओळखत नाही म्हणते. शेजारचेही सांगतात."

मी म्हटलं, "टीव्ही ओळखत नाही हे खरं आहे."

"तुम्हीपण काय, वहिनी."

"एक कर. आज घरी गेलास की घरातलं वायफाय बंद कर आणि टीव्ही लाव. जे दिसेल ते पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाच. बटण दाबायची घाई करू नकोस."

तो बरं म्हणाला, पण समजूत काढल्यासारखा. काकी समोर चहा पीत होत्या. "तो करूचो नाय," त्या म्हणाल्या. "ल्हानपणापासून वाचूचो कंटाळो तेका."

संध्याकाळी मी दुकान आवरत होते तेव्हा फोन आला. सुहास म्हणाला, "वयनी, चार तोंडां आसत." आता तो मालवणीत बोलत होता. "माझा, हिचा, दोन पोरांचा. वरती लिवलेला आसा, कोण बघता. मी रोज बघतंय ह्या. कधी वाचूकच नाय."

मी हातातलं कुलूप काउंटरवर ठेवलं.

"मी तिका सांगलंय, आई, असा नसता," तो म्हणाला. मग म्हणाला, "इकतांना ह्या इचारूक व्हया होता, वयनी. दादांनी इचारल्यानी असता."

तेव्हा मला सांगता आलं असतं की मोबाइल तुझा, नेट तुझं, डिश उतरवलीस तूच. बाजारात बसणारा माणूस ही उत्तरं जवळ ठेवून असतो. मी म्हटलं, "होय. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चूक माझी."

त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय डबा दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने काकींच्या घरी गेले. बरोबर सिमकार्ड घालायचा एक छोटा राऊटर आणि मागच्या फळीवरचा साधा डबा. फोन हातात धरून घरभर फिरले. माजघरात रेंज नाही, ओटीवर नाही. मागीलदारी, धुण्याच्या दगडाजवळच्या खिडकीत ती मिळाली. राऊटर तिथे बसवला. मधल्या भिंतीमुळे टीव्हीपर्यंत नेट पोचेना, म्हणून टीव्ही दोन हात सरकवून दाराच्या रेषेत आणला. काकींना ते आवडलं नाही. टीव्हीच्या जागी पूर्वी काय काय होतं ते त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाल्या, "रव दी. हंयसून चुलीकडनाय दिसता."

डब्याला खातं लागतं. मी विचारलं, "नाव काय घालू?"

"माझा घाल. आणि कोणाचा घालतलंस?"

नावाबरोबर चित्र निवडायचं होतं. फुलं होती, फुगे होते, प्राणी होते. काकींनी एकेक नीट पाहिलं आणि वाघ निवडला.

रिमोटची बटणं चिकटपट्टीने मी झाकली. माझी पट्टी यांच्यासारखी सरळ बसत नाही. काकींनी ती काढून पुन्हा लावली. चार दिवस मी रोज फोन करून, काय दिसतंय, असं विचारत होते. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "वाघ दिसता. फोन कशाक करतंस सारको, डबलबारी लागलीहा."

दिवाळीला सुहास आला तो परतीची दोन तिकिटं काढूनच. काकींनी मला निरोप पाठवला, "तू ये. पण हात लावू नको." मी गेले, दाराशी बसले. सुहास खाटेवर. काकी चुलीकडून आल्या, हात पुसले, रिमोट घेतला. टीव्ही लागला, एकच गोल आला, त्यात वाघ. काकींनी दाबलं. पेटी-पखवाज सुरू झाला. त्यांनी आवाज थोडा कमी केला आणि सुहासला म्हणाल्या, "तुका दुसरा काय व्हया तर सांग. माका सगळा मिळता हेच्यार."

सुहास टीव्हीकडे पाहत नव्हता. तो आईच्या बोटांकडे पाहत होता.

"आई, आज तारीख काय?" त्याने विचारलं. विचारल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण तो खाली बघू लागला.

"तारीख फोनात बघ," काकी म्हणाल्या. "आज पाडवो. ओवाळूक बायको खंय आसा तुझी? तिका सोडून इलंस, आणि डोक्यात फरक माझ्या."

तो हसला. डॉक्टरांचं काय, असं त्याने विचारलं, तेव्हा काकी म्हणाल्या, "कट्ट्यार डाक्टर आसा, तो बघीत. मी चलत जातंय आणि चलत येतंय." त्या खरंच गेल्या. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि बाकी वयाप्रमाणे ठीक आहे म्हणून सांगितलं.

सुहास दोन दिवसांनी एकटा गेला. दुसऱ्या तिकिटाचं त्याने काय केलं ते मला माहीत नाही. आता तो दर रविवारी फोन करतो आणि त्या सांगतात ते शेवटपर्यंत ऐकतो, असं काकी म्हणतात. कधीकधी कंटाळा येतो म्हणतात, कारण सांगण्यासारखं एवढं काही घडत नाही.

गाय परत आली नाही. शेजाऱ्यांनी ती वैभववाडीला आपल्या मेहुण्याकडे धाडली होती. मी म्हटलं, मी जाऊन बोलते. काकी नको म्हणाल्या. एकदा कुंकू लावून दिलेली गाय मागायची नसते. मला वाईट वाटतं म्हटलं, तर म्हणाल्या, "वाटूकच व्हया. तुझ्याकडसून डबो इलो आणि माझी गाय गेली. आता दुधाचो चाय तू पाजूचो." बाजाराला येतात तेव्हा त्या दुकानात बसतात आणि मी चहा करते.

मुलगी दुकान बंद कर म्हणते. मी अजून केलेलं नाही. आता सकाळी दहा ते एक एवढंच उघडते. छपरावरची कामं घेत नाही. नितीनच्या चार खोल्यांतल्या पिना पुसायला मीच जाते, पायरीवर मात्र बसत नाही. इंदूकाकी त्यांच्या घरी आहेत. गोठा रिकामा आहे.